अनुदान आमच्या खात्यात पडलं, पीक दुसऱ्याचं वाहून गेलं

सीनाकाठ (९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.१०)

मंडळी, एका गोष्टीवर तुमचं मत हवंय. थोडं सविस्तर लिहितो.

परंडा तालुक्यात सीनेच्या काठी आमची पाच एकर जमीन. सातबारा आईच्या नावावर. वडील गेल्यापासून सहा वर्षं रान बटईनं दिलेलं आहे. करणाऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. नात्यातले नाहीत, शेजारच्या वस्तीवरचे. बोली साधी: नांगरट आमची, बी-खत निम्मं निम्मं, बाकी सगळं राबणं त्यांच्या घरचं, आणि माल अर्धा अर्धा. कागद कसलाच नाही. मी पुण्यात नोकरीला, आई माझ्याकडेच असते.

२२ सप्टेंबरला पहाटे मामांचा फोन आला, "पाणी वस्तीत शिरलंय, जनावरं सोडून दिली." त्यानंतर दोन दिवस फोन लागला नाही. चौथ्या दिवशी मी पोचलो तेव्हा नदी पात्रात गेली होती, पण रानात पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत चिखल. काढणीला आलेलं सोयाबीन झोपलेलं, शेंगांतून पांढरे कोंब बाहेर आलेले. सगळ्या शिवाराला कुजका वास. नदीकडच्या तीस गुंठ्यांत तर पीकही नव्हतं आणि मातीही नव्हती. खाली नुसता मुरूम. वडिलांनी पुरलेली पाइपलाइन उघडी पडून दोन दगडांच्या मध्ये लोंबत होती. मामी तिथं उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत, वाकून पाइपात अडकलेलं चगाळ काढायला लागल्या.

पंचनामा झाला. यादी लागली. आईचा विशिष्ट क्रमांक आला. शेतकरी ओळख क्रमांक आधीच काढलेला असल्यामुळे केवायसीला पळावं लागलं नाही. दिवाळीच्या आसपास दोन हेक्टरचे १७,००० खात्यात आले आणि या आठवड्यात रब्बीचे २०,००० पडले. एकूण ३७,०००.

मामांच्या नावावर शेतीचा एक रुपया नाही. त्यांना मिळाले ते म्हशीचे, ३७,५००, कारण म्हैस कुणाची हे गावात विचारलं गेलं. सोयाबीन कुणाचं, हे कुणीच विचारलं नाही. गट नंबर विचारला.

आई म्हणते, "सरकारनं दिलंय ते मालकाला दिलंय." मला रात्री झोप लागत नाही. तुमच्याकडे बटईच्या रानाचं अनुदान कसं वाटतात?

---

मोकळं रान (९ नोव्हेंबर, रात्री ११.०२)

दादा, प्रश्न विचारलात हेच पुष्कळ. आमच्या भागात (माढा) कुणी विचारतसुद्धा नाही. अनुदान मालकाचं, असंच धरून चालतात.

पण मालकाची बाजूही ऐका. मी स्वतः रान वाट्यानं देणारा आहे. नांगरट माझी, निम्मं बी-खत माझं, ते बुडालंच ना? शिवाय तुमची तीस गुंठे माती गेली, ती कायमची तुमची गेली. बटईदार पुढच्या वर्षी दुसऱ्याचं रान धरू शकतो. मालकाला त्याच मुरमात उभं राहायचंय. तेव्हा आईंचं बोलणं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही.

---

ज्वारीचं कणीस (१० नोव्हेंबर, सकाळी ६.३५)

मी बीड जिल्ह्यातली. आम्ही रान ठोक्यानं करतो, बटईनं नाही. म्हणजे पेरणीच्या आधीच मालकाला एकरी ठरलेले पैसे मोजून द्यायचे, मग पिको न पिको. यंदा तीन एकर केलं. ठोका आम्ही दिला, बी आमचं, खत आमचं, फवारे आमचे. मालकाचा त्यात एक पैसा नाही. सिंदफणेचं पाणी आलं आणि कापूस काळा पडला.

अनुदान मालकाला पडलं. मी मागायला गेले तर म्हणाले, "वहिनी, तुमचा माझा व्यवहार ठोक्याचा, तो जूनमध्येच मिटला." खोटं बोलले नाहीत ते. व्यवहार मिटलाच होता. पण मग बुडालं कुणाचं?

मोकळं रान भाऊ, "दुसऱ्याचं रान धरू शकतो" म्हणालात. ते धरायला ठोका आधी द्यावा लागतो. तो कुठून आणायचा? ज्याचं पीक गेलं त्याच्या हातात पुढचं रान धरायला पैसा नसतो. सोन्याचं मंगळसूत्र गहाण ठेवून यंदाचा ठोका दिला होता, ते अजून सोडवायचंय.

---

मोकळं रान (१० नोव्हेंबर, सकाळी ७.२०)

ताई, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्याकडे ठोका फारसा नाही. ठोक्याच्या रानाचं पिकाचं अनुदान मालकानं ठेवणं बरोबर नाही, हे मी मान्य करतो.

---

निवृत्त तलाठी (१० नोव्हेंबर, दुपारी १.१५)

बत्तीस वर्षं तलाठी म्हणून काम केलं. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. किती पूर, किती गारपिटी, किती याद्या केल्या त्याचा हिशेब नाही. यावर थोडं नीट लिहितो, कारण बऱ्याच जणांचा गोंधळ इथेच होतो.

पहिली गोष्ट. आपण ज्याला "नुकसानभरपाई" म्हणतो, ती नुकसानभरपाई नाही. शासन निर्णयातले शब्द बघा: पुढील हंगामात उपयोगी पडावे म्हणून निविष्ठा अनुदान, एका हंगामात एक वेळ. निविष्ठा म्हणजे बी, खत, औषध. पीक किती रुपयांचं होतं याच्याशी या रकमेचा संबंधच नाही. आपत्ती प्रतिसाद निधीचे दर केंद्राने ठरवलेले असतात: जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असलं पाहिजे. मूळ मर्यादा दोन हेक्टरची. ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात ही मर्यादा तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० जादा दिले. जिरायतीला १८,५०० म्हणतात ते हेच दोन आकडे मिळून.

दुसरी गोष्ट. ही रक्कम खातेदाराला मिळते, कारण यादी सातबाऱ्यावरून होते. मी पंचनाम्याला बांधावर जायचो, समोर बटईदार उभा असायचा, रडायचा तोच, आणि मी नाव लिहायचो मालकाचं. दुसरं लिहायला रकानाच नव्हता. खरं सांगायचं तर एके काळी जागा होती. पीकपाहणीत खातेदाराखेरीज कुणी दुसराच जमीन कसताना आढळला तर तलाठ्यानं नमुना १४ भरून तहसीलदाराकडे पाठवायचा, आणि पुढं नमुना ७-ब मध्ये नोंद. पुस्तकात आजही आहे. पण हा नमुना भरला की मालक दारात भांडायला येतो, कारण त्याला कूळ लागायची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायद्यानं हक्क लागायची भीती. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा होता, आज्या-पणज्यांच्या जमिनी त्यात गेलेल्या घराघरांत सांगितल्या जातात. त्या भीतीपायी बटईचा कागद कुणी करत नाही, आणि कागद नाही म्हणून बटईदार सरकारला दिसत नाही.

आता धागालेखकांच्या ३७,००० बद्दल. मी असं बघेन. ८,५०० च्या दराचे १७,००० हे निविष्ठेपोटी. निविष्ठा निम्म्या निम्म्या होत्या, वर राबणूक त्यांची. तेव्हा निम्म्याहून जास्त त्यांचे. रब्बीचे २०,००० जो रब्बी पेरणार त्याचे. मातीचे पैसे आले तर ते तुमच्या आईंचे, त्यात बटईदाराचा हक्क नाही. तीन रकमा, तिन्हींचे हक्कदार वेगळे. एकाच खात्यात पडतात म्हणून एकाच्याच होत नाहीत.

---

सीनाकाठ (१० नोव्हेंबर, रात्री ९.३०)

काका, एवढं सोडवून कुणी सांगितलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती "रब्बीचे २०,०००" इथं थांबली. म्हणाली, "हरभऱ्याचं बी तरी मीच घेऊन देणार होते."

मातीचं विचारतो. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० म्हणजे तीस गुंठ्यांना साधारण १४,१००. ते अजून आले नाहीत. मी हिशेब करून बघितला. तीस गुंठे म्हणजे ३२,६७० चौरस फूट. एक फूट माती भरायची तर तेवढेच घनफूट, म्हणजे (शंभर घनफुटांचा एक ब्रास धरून) जवळपास ३२७ ब्रास. १४,१०० ला ३२७ नी भागलं तर ब्रासला ४३ रुपये येतात. ट्रॅक्टरचं डिझेलसुद्धा सुटत नाही.

---

निवृत्त तलाठी (१० नोव्हेंबर, रात्री १०.०५)

हिशेब बरोबर आहे. म्हणूनच पॅकेजमध्ये रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं जोडली आहेत. ती मदत रोख मिळत नाही, काम म्हणून होते. ग्रामपंचायतीत मागणी दिल्याशिवाय तुमचा गट त्या आराखड्यात येणार नाही. पंचनाम्यात "पीक नुकसान" एवढंच लिहिलंय की "जमीन खरडून गेली" असंही लिहिलंय, ते आधी बघा. पुष्कळ ठिकाणी दुसरी नोंद राहून गेली आहे. राहिली असेल तर फोटो जोडून तहसीलला अर्ज द्या, पोच घ्या. माती भरायच्या आधी फोटो काढा, भरल्यावर पुरावा उरत नाही.

---

काउंटरपलीकडे (११ नोव्हेंबर, रात्री ८.५०)

एका बँकेत काम करतो, तालुक्याचं गाव आहे. दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

"अनुदान आलं नाही" म्हणून येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचं अनुदान आलेलं असतं, पण दुसऱ्या बँकेत. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. कुणी कधीतरी गॅसच्या सबसिडीसाठी, नाहीतर नातवाच्या शिष्यवृत्तीसाठी एखादं खातं उघडलेलं असतं आणि विसरलेलं असतं. आधार कुठल्या खात्याला जोडलंय हे आधी तपासा, मग तहसीलला फेऱ्या मारा.

दुसरं, अनुदान कर्जाला वळतं करायचं नाही, असं प्रत्येक शासन निर्णयात लिहिलेलं असतं. तरी थकीत खात्याला होल्ड लागलेला असेल तर पैसे अडकतात. शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि निर्णयाची प्रत सोबत लावा. तोंडी भांडून होल्ड निघत नाही, हे माझ्या काउंटरवर रोज बघतो. म्हातारी माणसं नुसती उभी राहून परत जातात, त्याचं फार वाईट वाटतं.

---

बांधावरची बाभळ (१२ नोव्हेंबर, सकाळी ९.४०)

सगळं वाचलं. मला भीती वेगळीच वाटते. करणाऱ्याचं नाव यादीत घालायची सोय केली तर उद्या खोटे बटईदार उभे राहतील. जालन्यात अंबड-घनसावंगीला काय झालं ते विसरलात का? जमीन नसलेल्यांच्या, नुकसान न झालेल्यांच्या नावानं अनुदान उचललं गेलं, तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. सातबारा हा निदान एक पक्का आधार आहे. तो सोडला तर गावातला दांडगा माणूस दहा नावं घुसवेल.

---

आयोवाकर (१२ नोव्हेंबर, रात्री ८.१५)

मूळचा करमाळ्याचा, सध्या अमेरिकेत आयोवात शेती यंत्रांच्या कारखान्यात आहे. बाभळ यांची भीती खोटी नाही, म्हणून इथं काय करतात ते सांगतो.

आयोवात निम्म्याहून जास्त शेतजमीन भाड्यानं कसली जाते. मालक शहरात, करणारा दुसरा, अगदी आपल्यासारखंच. इथं प्रत्येक कौंटीत (आपला तालुका समजा) शेती खात्याचं कार्यालय असतं. करणारा शेतकरी दर वर्षी तिथं जाऊन कुठल्या रानात काय पेरलं ते लिहून देतो. मका-सोयाबीनसाठी १५ जुलै ही शेवटची तारीख. त्या कागदावर पिकात कुणाचा किती हिस्सा, तेही लिहिलेलं असतं. रोख भाड्याचं रान असेल तर सगळा हिस्सा करणाऱ्याचा. वाट्याचं असेल तर दोघांचा, ठरल्याप्रमाणे. पुढं आपत्ती आली की मदतीत ज्याच्या हिश्श्याचं पीक गेलं तो धरला जातो. जमिनीचा मालक कोण, यावर ते ठरत नाही. आणि हे सगळं पेरणीच्या वेळी लिहिलेलं असतं, पूर आल्यावर नाही. त्यामुळे खोटं नाव मागाहून घुसवायला वाव कमी. शिवाय कौंटीची एक समिती असते, तिचे सभासद शेतकरीच मत देऊन निवडतात. शेजाऱ्याच्या रानात कोण राबतं हे त्यांना ठाऊक असतं.

इथं सगळं गोड आहे असं मुळीच नाही. २०२३ आणि २०२४ च्या नुकसानीसाठीचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये झाला आणि त्यातल्या मुख्य योजनेचे अर्ज जुलै २०२५ मध्ये सुरू झाले. हिशेबानं येणाऱ्या रकमेच्या ३५ टक्के पहिल्यांदा हातात. दोन दोन वर्षं वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत. वेग बघितला तर आपल्याकडे महिन्या-दीड महिन्यात पैसे पडले, हे मोठं काम आहे आणि ते करणाऱ्या तलाठ्या-कृषी सहायकांना मी मनापासून मानतो. फक्त ते ज्याचं पीक गेलं त्याच्यापर्यंत पोचावेत.

---

निवृत्त तलाठी (१२ नोव्हेंबर, रात्री ९.२०)

पेरणीच्या वेळी नोंद, हेच खरं. आपल्याकडेही २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर होते. त्यात "करणारा" असा एक रकाना घालणं अवघड नाही. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये कायदा करून कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड द्यायची सोय केली, त्यात मालकाची संमती लागते आणि मालकी हक्काला धक्का लागत नाही, हे कायद्यातच लिहिलं. तिथंही मालक संमती द्यायला कचरतातच. पण वाट तरी आहे.

बाभळ, अंबडचं म्हणाल तर तिथं सातबारा असूनही घोटाळा झाला. यादी चावडीवर लावून वाचून दाखवली असती तर पहिल्याच दिवशी गाव ओरडलं असतं. माझ्या नोकरीत मी यादी मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचायचो. शिव्या खाल्ल्या, पण खोटं नाव एकही टिकलं नाही.

---

ज्वारीचं कणीस (१३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०)

काका, पारावर बायका नसतात. यादी बचत गटातही वाचा.

आणि एक. माझ्या जावेचा नवरा गेला त्याला दोन वर्षं झाली. वारस नोंद झालेली नव्हती. यंदा जिवंत सातबारा मोहिमेत तिचं नाव लागलं म्हणून तिला अनुदान मिळालं. नाहीतर मेलेल्या माणसाच्या नावानं यादी लागली असती आणि ती अंगठा कुणाचा देणार होती? ज्यांची नोंद राहिलीय त्यांनी आजच अर्ज करा, पुराची वाट बघू नका.

---

निवृत्त तलाठी (१३ नोव्हेंबर, सकाळी ७.००)

ताई, पटलं. बायकांसमोर यादी वाचायचं मला कधी सुचलंच नाही.

---

सीनाकाठ (२३ नोव्हेंबर, रात्री ९.५५)

उशीर झाला, गावी जाऊन आलो. आई सोबत होती.

मामांसमोर ३७,००० ची सगळी रक्कम ठेवली आणि काकांनी सांगितलं तसं सांगितलं. मामा पैशांकडे बघेनात. म्हणाले, "तुझ्या बापानं माझ्याकडनं कधी हिशेब मागितला नाही, तू कशाला देतो?" मग आईच बोलली. मी तिला काही शिकवून नेलं नव्हतं. म्हणाली, "शेंगा कुजल्या त्या तुमच्या हातच्या. घ्या." १७,००० मधले १२,००० मामांनी घेतले. २०,००० ना हात लावायचा नाही असं ठरलं. त्यातून हरभऱ्याचं बी, खत आणि रोटाव्हेटरचं भाडं गेलं, उरलेले मामींकडे फवारणीसाठी ठेवले. सव्वाचार एकरांत हरभरा पेरलाय. वाफसाच उशिरा आला, त्यामुळं पेर मागास आहे, पण उगवण चांगली दिसतेय.

जमीन खरडल्याची नोंद पंचनाम्यात नव्हतीच. अर्ज दिला, पोच घेतली, ग्रामपंचायतीत रोहयोची मागणीही लिहून दिली.

निघताना मामींनी गाडीपाशी येऊन विचारलं, "पुढल्या साली विम्याला आमचं नाव घालता येतंय का?" पीक विम्यात बटईदाराला भाग घेता येतो, पण नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. मी मसुदा करायला घेतलाय. आई अजून सहीला तयार नाही, कूळ या शब्दाला ती फार भिते. तिच्या माहेरची जमीन तशीच गेलेली आहे, त्यामुळे तिला दोष देत नाही. काका, मुदत अकरा महिन्यांची ठेवू का? आणि विहिरीच्या पाण्याची पाळी करारात लिहावी लागते का, की ती बोलीवर ठेवलेली चालते?

---

निवृत्त तलाठी (२४ नोव्हेंबर, सकाळी ६.४५)

मुदत, जमिनीचा वापर आणि मालकी हक्क आईंकडेच राहील हे तीन मुद्दे वकिलाकडून लिहून घ्या, स्वतः लिहू नका. आईंना सोबत न्या, त्यांची भीती त्यांनी स्वतः विचारू द्या. पाण्याची पाळी जरूर लिहा. बटईची भांडणं मी जितकी मिटवली, त्यातली निम्मी पाण्यावरून होती.